उरलेली सुई टोचू नका

गाईला दगडी झाली. कास सुजली, दूध नासले. मग आपण काय करतो? मागच्या खेपेचे उरलेले औषध टोचतो. सूज उतरली की औषध बंद!

दादांनो, यात मोठा धोका आहे. अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. हरळीची एक काडी राहिली, तर शेत पुन्हा भरतेच ना? तसेच हे. चिवट जंतू वाढले, की तेच औषध पुन्हा लागू पडत नाही. असे जंतू शेणातून, कच्च्या दुधातून माणसांतही येतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता.

कोंबड्यांचेही तेच. वजन वाढावे म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालीत. इतर औषधे हरली, की माणसाला वाचवणारे हे औषध! म्हणून २०१९ साली भारत सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना विचारा. ते सांगतील तितके दिवस औषध द्या; सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. गोठा कोरडा ठेवा. धारेआधी हात आणि कास धुवा. रोगच टळला, तर औषध हवे कशाला?