छायाचित्रातील पांढरी बाहुली

राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात आपल्या इंदुरातच कॅमेरा हाती घेतला. त्या काळी छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकीत. चेहरा ‘सुधारण्याची’ कला जुनीच आहे. संगणकाने ती सोपी केली, इतकेच.

सन २००८ मध्ये एक आई आपल्या चौदा महिन्यांच्या मुलाला लस देण्यासाठी घेऊन आली. मला दाखवण्यासाठी तिने वाढदिवसाचे मोठे छायाचित्र आणले होते. डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले, छायाचित्रकाराने स्वतःच्याच इंकजेट प्रिंटरवर छापलेले. जाड सुती कागद, साध्या डाय शाईपेक्षा पुष्कळ अधिक टिकणारी पिगमेंट शाई आणि गालांचा गव्हाळ रंग अगदी हुबेहूब! (या छंदावर मीही बरेच पैसे घालवले आहेत.) मी कौतुक करताच ती सहज म्हणाली, “एक डोळा पांढरा आला होता, तो फोटोवाल्या भैयांनी नीट करून दिला.”

मी मूळ फाईल मागवली. छायाचित्रकाराने ती सुदैवाने जपून ठेवली होती. पडद्यावर उजवी बाहुली लाल होती. डावी मांजरीच्या डोळ्यासारखी पांढुरकी चमकत होती. ऑफ्थॅल्मोस्कोपच्या प्रकाशातही तेच दिसले. नेत्रतज्ज्ञांचे निदान रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. डावा डोळा काढावा लागला, मूल वाचले.

फ्लॅश भिंगालगत असला की प्रकाश डोळ्याच्या रक्तवाहिन्यायुक्त पडद्यावरून परततो व बाहुली लाल दिसते. आपण दवाखान्यात पाहतो तो रेड रिफ्लेक्स हाच. स्टुडिओत प्रकाश बाजूने, छत्रीवरून मऊ होऊन येतो. त्यामुळे तेथील उत्तम छायाचित्रात ही खूण बहुधा उमटतच नाही. घरच्या साध्या कॅमेऱ्याला मात्र ती सापडते, आणि लाल डोळे पुसणारी सोय ती पुन्हा झाकू शकते. पांढरी बाहुली म्हणजे कर्करोगच असे नव्हे. मोतीबिंदूमुळेही ती दिसते. मुलाची नजर किंचित वळलेली असताना प्रकाश ऑप्टिक डिस्कवर पडला तरी दिसते. परंतु हा निवाडा तपासणीनंतर व्हावा, छपाईपूर्वी नव्हे.

तेव्हापासून लहानग्यांच्या पालकांकडे मी न सुधारलेली छायाचित्रे मागतो. काहींना ते विचित्र वाटते.

पुढे त्या मुलाचे शाळेसाठी छायाचित्र काढायचे होते. कृत्रिम डोळ्यातील चमक दुसऱ्या डोळ्याशी जुळवून देऊ का, असे त्याच छायाचित्रकाराने विचारले. आई म्हणाली, “नको, आहे तसेच छापा.”