रकाना नसलेलं प्रोटीन

सकाळी 7.00
शिरूर. लॅबचं शटर वर जातं. लॅब चालवणाऱ्या ताई डीएमएलटी झालेल्या. आधी फ्रिजचं तापमान बघतात, मग सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसतात. पहिला पेशंट दारात उभाच असतो. "पहिली धार सोडा, मधली डबीत धरा." दिवसभर हेच सांगायचं.

8.30
लघवी रुटीन, शंभर रुपये. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला, की 'नाही' लिहायचं. हिरवट झाला, तर डॉक्टरांना फोन.

ते 'नाही' अर्धंच खरं. पट्टी धरते ते मुख्यतः अल्ब्युमिन. निरोगी माणसाच्या लघवीतूनही युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन रोज जातं, काही डझन मिलिग्रॅम. ते मूत्रपिंडच बनवतं. टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांनी 1950 साली ते वेगळं काढलं, तेही फ्लूच्या विषाणूवर काम करताना.

10.15
भीमेपलीकडून, दौंड तालुक्यातल्या फडावरून ऊसतोडीची जोडी आलीय. मूळ बीडकडची. त्याच्या कमरेतून जांघेपर्यंत कळ जातेय, धड बसवत नाही. बायको सोबत, म्हणजे आज पूर्ण कोयता, म्हणजे जोडीचं काम, बंद. 2024 च्या करारात टनाला 366 रुपये दर ठरला; दोघं मिळून दिवसाला दोनेक टन तोडतात. वर जीपचं भाडं.

"दादा, पाणी किती पिता?"

"फडात कुठलं पाणी, ताई? कॅन पार बांधावर."

बायको म्हणते, "म्या तर पीतच न्हाई. जायचं कुठं उघड्यावर?"

10.40
डबीतली लघवी गडद, चहाच्या जवळ जाणारी. नळीत दहा मिली. सेंट्रिफ्यूज पाच मिनिटं घरघरतं. वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाचा थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप.

ताई मला बघायला देतात. तांबड्या पेशी आहेत. मधेच चौकोनी, पाकिटाच्या पाठीसारखी फुली असलेले स्फटिक, कॅल्शियम ऑक्सलेटचे. असे स्फटिक धडधाकट माणसातही अधूनमधून दिसतात. मग सगळ्यांनाच मुतखडा का होत नाही? युरोमोड्युलिन, ऑस्टिओपॉन्टिन यांसारखी प्रोटीनं स्फटिकांना लपेटतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत. सुटे राहिले की धारेबरोबर जातात. पण लघवी फार घट्ट आणि आम्ल झाली, की युरोमोड्युलिनच्याच गुठळ्या होतात. राखणदारच आडवा.

ताई कंडेन्सर खाली घेतात, उजेड कमी करतात. आता एक पारदर्शक कांडी उमटते. हायलाइन कास्ट. त्याच प्रोटीनचा, मूत्रनलिकेत गोठलेला साचा. जास्त उजेडात दिसत नाही, घाईच्या नजरेला तर नाहीच.

12.00
रिपोर्ट छापला. 'कास्ट: हायलाइन 0-1.' युरोमोड्युलिनला रकाना नाही. असता तरी त्यावर गोळी कुठं आहे?

1.30
चौफुल्याहून एक पोरगा मोटरसायकलवर लॅबसाठी नमुने घेऊन येतो. लघवी दोन तासांत बघायची, नाहीतर बर्फात आणायची. एक डबी गळलीय. फेकली. पेशंटला परत बोलवायचं, पेट्रोल अंगावर.

4.00
जोडी सोनोग्राफी करून परतते. खडा 4 मिलिमीटरचा. एवढे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. दुखण्याचं औषध मिळालंय. आणि सल्ला: दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. उद्या पहाटे पुन्हा फड.

ज्यांच्या शेतात ऊसतोडीची टोळी उतरलीय त्यांनी एवढं करावं: पाण्याचा कॅन फडाच्या मध्यावर ठेवावा, आणि बायांसाठी चार बांबू रोवून आडोसा करून द्यावा.