चरबीवरून जिवाणूंची ओळख

2017च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले आणि कासाडी नदीत जाणाऱ्या सांडपाण्याची चर्चा देशभर झाली. ते पाणी साफ करण्याचं मोठं काम जिवाणू करतात, त्यांच्याबद्दल मात्र फारसं बोललं गेलं नाही. सामायिक प्रक्रिया केंद्राच्या टाक्यांत हवा सोडतात ती त्यांच्यासाठीच. हे जिवाणू कोण, हे त्यांच्या मेदाम्लांवरून ओळखता येतं.

जिवाणूच्या पेशीला मेदाचं पातळ पटल असतं. त्यातली मेदाम्लं बहुधा 9 ते 20 कार्बनांची असतात आणि त्यांचं प्रमाण जातीनुसार बदलतं. बॅसिलसमध्ये 15 कार्बनांच्या फांदीदार साखळ्या भरपूर, तर स्यूडोमोनासमध्ये 10 आणि 12 कार्बनांची हायड्रॉक्सी आम्लं. वर्गीकरणासाठी ही रीत 1963मध्ये एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवली.

शुद्ध वाढवलेल्या जिवाणूंचा लूपभर लगदा कॉस्टिक सोडा घातलेल्या मिथेनॉलमध्ये 100 अंशांवर अर्धा तास तापवतात. साबण करताना होतं तेच इथे होतं, मेद फुटून आम्लं सुटी होतात. मग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिथेनॉलमध्ये 80 अंशांवर 10 मिनिटं ठेवली की त्यांचे सहज वाफ होणारे मिथाइल एस्टर बनतात. गॅस क्रोमॅटोग्राफच्या बारीक नळीतून ते एकेक करून बाहेर पडतात, आलेखावर शिखरं उमटतात आणि ती संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून नाव ठरतं.

माध्यम किंवा तापमान बदललं की मेदाम्लंही बदलतात. म्हणून जिवाणू ठरलेल्या माध्यमावर, बहुधा 28 अंशांवर 24 तास वाढवतात. नवी जात जाहीर करायची तर जनुकांचा पुरावाही लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात या दोन्ही तपासण्या होतात.

तळोज्यासारख्या रासायनिक वसाहतीसाठी मला हा बदलतेपणाच सर्वांत मोलाचा वाटतो. टोल्यूइनसारखं द्रावक अंगावर आलं की स्यूडोमोनास प्युटिडा काही मिनिटांत आपल्या मेदाम्लांची वाकडी ‘सिस’ रचना सरळ ‘ट्रान्स’मध्ये बदलतो. पटल घट्ट होतं आणि जीव तगतो. शिवाय पेशी मेली की तिच्या पटलातले फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फेट जोडलेले मेद, लवकर विघटतात. त्यामुळे गाळातून थेट काढलेली ही मेदाम्लं मुख्यतः जिवंत जिवाणूंचाच हिशेब देतात. टाकीतले जिवाणू किती आहेत आणि कितपत ताणाखाली आहेत, याचा अंदाज त्यातून येतो. प्रक्रिया केंद्रांनी पाण्यातलं प्रदूषण मोजणाऱ्या बीओडी-सीओडीच्या आकड्यांसोबत गाळाचा हा आलेखही नियमित काढून घ्यावा.