डायलिसिस सुरू आहे म्हणून अंथरूण धरू नका

"डायलिसिसचं माणूस आहे, त्याला हलवू नका, पडू द्या." आमच्या साखऱ्यात आणि आसपासच्या गावांत रुग्णाच्या घरी गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यामागे माया असते. पण याच मायेपायी माणूस आधी काठी धरतो, मग भिंत धरतो आणि शेवटी खाट धरतो, हे मी परिचारिका म्हणून पाहिलं आहे. किडनी गेलेलीच असते, मागून पायही जातात. मग एसटीची पायरी चढवायला दोन माणसं लागतात, त्या दोघांची मजुरी बुडते आणि एक दिवस डायलिसिसच चुकतं. म्हणून पाय टिकवणं हासुद्धा उपचारच आहे.

पायांतली ताकद जाते कशी? किडनी निकामी झाली की रक्तात नको ते घटक आणि आम्ल साठतं. त्यामुळे स्नायू झिजतात. रक्त कमी असल्यामुळे लवकर दम लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा, सुमारे चार-चार तास मशीनला लावून पडून राहावं लागतं. थकवा आला म्हणून माणूस पडून राहतो, पडून राहिला म्हणून स्नायू आणखी झिजतात आणि थकवा आणखी वाढतो. हे चक्र रोजच्या थोड्या हालचालीने तोडता येतं.

इटलीत डायलिसिसच्या २९६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांना घरीच चालायला सांगितलं होतं: एक दिवसाआड, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. सहा महिन्यांनी, सहा मिनिटांत ते जेवढं चालू शकत, ते अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं. बाकीचे रुग्ण होते जवळपास तिथेच राहिले. यासाठी ना जिम लागली, ना महागडं औषध.

आपल्याला तर हे नवं नाही. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. अंगुत्तर निकायात ते आहेत: दूरचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, अन्न पचतं आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते.

सुरुवात कशी करावी?

आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं की डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी पाच मिनिटं चाला. जमेल तसं दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं तर वेग कमी करा. ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठावं-बसावं, बसल्या बसल्या पाय सरळ करावेत, टाचा उचलाव्यात. डायलिसिस चालू असताना पाय हलवायचे असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून पहिल्या एक-दोन तासांतच हलवा, कारण नंतर रक्तदाब उतरण्याचा धोका वाढतो. सुई लावलेला हात मात्र स्थिर ठेवा.

हे विसरू नका

फिस्टुलाच्या हाताने हंडा, पोतं किंवा लाकडाची मोळी उचलू नका. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. बोट ठेवून तिथली थरथर रोज तपासा, ती थांबली तर लगेच रुग्णालय गाठा.

डायलिसिस चुकलं असेल, ताप असेल, अंगावर सूज वाढली असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा रक्तदाब फार वाढला असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच बसा आणि मदत मागा.

चालून आल्यावर शक्ती यावी म्हणून शहाळ्याचं पाणी, फळांचा रस किंवा ओआरएस देऊ नका. त्यातल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातलंच प्या. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा.

मधुमेह असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा, अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळपाय पाहा.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. तो आपला हक्क आहे आणि तो मागून घ्यायलाच हवा. पण मशीन रक्त शुद्ध करतं, पायांत बळ भरत नाही. ते काम रुग्णाने आणि घरच्यांनी मिळून करायचं आहे.

बहुतेक वस्त्यांत विहार आहे. विहारासमोर सपाट जागा असते, दिवा असतो, माणसं असतात. संध्याकाळच्या वंदनेला येताना घरातल्या रुग्णाला बरोबर आणा. वंदना झाली की त्याच्या पावलाने, त्याच्या वेगाने विहाराभोवती दोन फेऱ्या मारा. त्याचा हात धरा, पण चालू द्या त्यालाच.