एक जागा रिकामी झाली आणि वीज वाहू लागली

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. व्यवहारातील या पक्क्या समजाला १९७७ साली तडा गेला.

आरंभ झाला टोकियोत. हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत १९६७ साली ॲसिटिलीन वायूपासून पॉलिॲसिटिलीन तयार करताना उत्प्रेरक चुकून हजारपट पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पातळ पापुद्रा हाती आला. शिराकावांनी तो टाकून न देता अभ्यासला. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासमवेत त्यांनी अशा पापुद्र्यास आयोडीनची वाफ दिली. त्याची विद्युत्‌वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली.

हे कसे घडले? पॉलिॲसिटिलीन ही कार्बन अणूंची लांब साखळी असून तिच्यात एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक असतात. तिच्यातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा खालचा पट्टा पूर्ण भरलेला आणि वरचा रिकामा असतो; मध्ये मोठी दरी. ठासून भरलेल्या वखारीत पोते हलवायला जागा नसावी, तशी इलेक्ट्रॉनांची स्थिती होते. आयोडीन साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घेते. त्यामुळे साखळीवर धनभार येतो, त्याच्याभोवती बंधांची मांडणी बदलते आणि दरीत नव्या ऊर्जापातळ्या निर्माण होतात. आता जागा रिकामी असल्याने हा भार साखळीवरून सरकू शकतो. आयोडीनचे प्रमाण पुरेसे वाढल्यास ती दरीच मिटते आणि पदार्थ धातूसारखा वागू लागतो.

या क्रियेस डोपिंग म्हणतात. व्यापारात मिश्रण म्हणजे भेसळ, तिने मालाची प्रत उतरते. येथे मात्र मोजून केलेल्या मिश्रणाने पदार्थास नवा गुण लाभतो.

हवेत लवकर बिघडत असल्याने पॉलिॲसिटिलीन बाजारात रुळले नाही. परंतु त्याच तत्त्वावरील पेडॉट हा पदार्थ छायाचित्रांच्या फिल्मवर स्थिरविद्युत साचू नये म्हणून आणि विद्युत्‌ उपकरणांतील कपॅसिटरमध्ये वापरला गेला. तिन्ही शास्त्रज्ञांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जैन दर्शन द्रव्य आणि पर्याय असा भेद करते. प्रयोगशाळेतील हा शोध शास्त्रवचनाचा पुरावा नव्हे. तथापि तो भेद घरातील मुलांना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल. कार्बनची साखळी तीच राहिली, तिची अवस्था तेवढी बदलली.