गोळी तीच, मग गुण का येत नाही?

“डॉक्टर, मागच्या खेपेस याच गोळ्यांनी तीन दिवसांत गुण आला होता. आता माझ्या शरीराला त्यांची सवय झाली का?” हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकावा लागतो. खरे पाहता अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नाही. त्या औषधाला दाद न देण्याची ताकद जंतूंमध्ये येते. म्हणूनच, ज्याने कधी ती गोळी घेतलेली नाही अशा माणसालाही असा जंतू बाधला, तर ती लागू पडत नाही. जंतू हे कसे साधतात ते आज पाहू.

आपण पेनिसिलीनचे उदाहरण घेऊ. जिवाणूभोवती जाळीसारखी विणलेली भक्कम भिंत असते. जिवाणू वाढताना ही जाळी सतत विणली जाते. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंचे एक चौकोनी कडे असते. त्याच्या साहाय्याने औषध विणकाम करणाऱ्या घटकाला घट्ट चिकटते, विणकाम बंद पडते आणि भिंत कमकुवत होऊन जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून औषध जंतूला मारते आणि आपल्याला सहसा अपाय करीत नाही.

आता जंतूचा प्रतिडाव पाहा. आपल्या लाळेत एक एन्झाइम असते. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘विकर’ म्हणतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण हे विकर पिठूळ पदार्थाचे तुकडे करते. तसेच काही जिवाणूंजवळ ‘बीटा-लॅक्टामेज’ नावाचे विकर असते. ते पेनिसिलीनचे चौकोनी कडे फोडते. कडे फुटले की औषध निकामी होते. एक रेणू फोडून विकर मोकळे होते आणि लगेच दुसऱ्याकडे वळते. एका सेकंदात शेकडो रेणू ते निकामी करू शकते.

ही गोष्ट नवी नाही. पेनिसिलीन सर्वसामान्य रुग्णांच्या हाती येण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी असे विकर जिवाणूंत असल्याचे दाखवून दिले होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. अमॉक्सिसिलीनबरोबर क्लॅव्युलॅनिक आम्ल द्यायचे. कात्रीत खडा अडकावा तसे हे आम्ल विकरात अडकते आणि मूळ औषध वाचते. ही जोडगोळी १९८१ पासून वापरात आहे. त्याच दशकात सेफॅलोस्पोरिन गटातील नवी औषधेही फोडणारी विकरे आढळली. मग कार्बापेनेम ही राखीव औषधे जास्त वापरावी लागली. २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, कार्बापेनेमही फोडणारे विकर सापडले. एनडीएम-१ हे त्याचे नाव. त्याची रचना वेगळी असल्याने क्लॅव्युलॅनिक आम्लाचाही त्याच्यावर इलाज चालत नाही.

हे विकर बनविण्याची ‘कृती’ पुष्कळदा जिवाणूतील एका छोट्या वर्तुळाकार धाग्यावर लिहिलेली असते. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू त्याची नक्कल शेजारच्या जिवाणूला देतो, कधी तर दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. साध्या सर्दीसाठी आपण अँटिबायोटिक घेतले, तर विषाणूंमुळे झालेली सर्दी त्याने बरी होत नाही. मात्र आतड्यातले साधे जिवाणू मरतात आणि विकरवाल्यांना रान मोकळे मिळते. अनुकूल स्थितीत ते सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात.

याची किंमत पुढे मोजावी लागते. स्त्रियांना लघवीच्या जागी होणारा जंतुसंसर्ग बहुधा आतड्यातल्याच जिवाणूंमुळे होतो. पूर्वी जो आजार साध्या गोळ्यांनी आटोपत असे, त्याच्या कल्चर तपासणीत आता अनेक गोळ्यांपुढे ‘दाद देत नाही’ असा शेरा येतो. मग सुईवाटे द्यायची महाग औषधे उरतात. रोजंदारी बुडवून रोज इंजेक्शनसाठी यायचे, तर हातावर पोट असलेल्या घराची ओढाताण होते. नवजात बाळाच्या रक्तात असा जंतू शिरला, तर योग्य औषध शोधण्यात गेलेला एकेक दिवस जिवावर बेततो.

तेव्हा वाचकहो, पुढील पथ्ये पाळा.

१) सर्दी-पडसे किंवा साध्या जुलाबांवर स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका. जुलाबात जलसंजीवनी महत्त्वाची. मात्र शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल मलूल झाले असेल, तर तातडीने डॉक्टरांना दाखवा.

२) ज्या औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे, ते चिठ्ठीशिवाय मागू नका.

३) डोस आणि दिवस डॉक्टर सांगतील तेवढेच. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका आणि मनाने वाढवूही नका. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

४) जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवा, मुलांच्या लसी वेळेवर द्या. आजारच टळला तर औषधाची गरज पडत नाही.

५) डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिले नाही, तर ‘स्ट्राँग’ औषधाचा आग्रह धरू नका. चिठ्ठीत ते असेल, तर कशासाठी आहे हे निःसंकोच विचारा.