सहा सेकंदांचा कागद

चाकणच्या आंबेठाण चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर पाटी आहे : ‘लग्नाचा बायोडाटा, नोकरीचा रेझ्युमे लगेच करून मिळेल.’ ती वाचली आणि आत शिरले. त्याच सुमारास एका कारखान्यातले एचआरवाले मला मोठ्या ऐटीत म्हणाले होते, “एका रेझ्युमेला आम्ही सहा सेकंद देतो.” आकडा त्यांचा नव्हे. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरीविषयक संकेतस्थळानं २०१२ साली भरती करणाऱ्यांची नजर कागदावर कुठं आणि किती वेळ टिकते ते मोजून तो काढला. २०१८ मध्ये त्यांनीच तो ७.४ वर नेला. पण चाकणमध्ये अजून सहाच चालतो. ज्या कागदाला सहा सेकंद मिळतात, तो तयार व्हायला किती वेळ लागतो, ते मला बघायचं होतं.

दुपारी पहिली पाळी सुटली की दुकानात गर्दी होते. टायपिंग करणाऱ्या ताई कीबोर्डवरची नजर न काढता विचारतात, “लग्नाचा की नोकरीचा?” नाव, पत्ता, आयटीआयचं वर्ष, ट्रेड एवढं भरून घ्यायला फार वेळ जात नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

त्या दिवशी खुर्चीत एक पंचविशीचा मुलगा बसला होता. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. हात धुऊन आला असावा, तरी कूलंटचा तो आंबूस, तेलकट वास गेला नव्हता. जुन्या रेझ्युमेवर सगळी ठरलेली भरती होती : हार्ड वर्कर, टीम प्लेयर, छंद क्रिकेट, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. या माणसाला नेमकं काय येतं, ते मात्र त्यात कुठंच नव्हतं.

“काम काय करता दादा?”

“मशीनवर आहे.”

“कुठल्या?”

“व्हीएमसी.”

“कंट्रोल?”

“फॅनुक.”

“सेटिंग तुम्ही करता की सेटर करून देतो?”

तो जरा घुटमळला. “सेकंड शिफ्टला सेटर नसतो. मग मीच करतो.”

“कधीपासून?”

“झाली की दोन-अडीच वर्षं.”

ताईंचे हात थांबले. “मग हे यात का नाही लिहिलं?”

“ते आपलं काम नाही ना, म्हणून.”

दुकानातलं बाकी सगळं विसरेन, हे वाक्य विसरणार नाही. अडीच वर्षं माणूस सेटरचं काम करतोय, पगार ऑपरेटरचा घेतोय आणि कागदावर लिहायलाही संकोचतोय.

ताईंनी लगेच लिहून टाकलं नाही. आधी त्याला बोलतं केलं. जॉब बदलला की काय करता? तो सांगत गेला : फिक्स्चर बांधतो, डायल लावून बघतो, वर्क ऑफसेट घेतो, टूलची लेंथ टाकतो, पहिला पीस बोअर गेजनं मोजतो आणि क्वालिटीकडून पास करून घेतो. ताई म्हणाल्या, “मुलाखतीत विचारलं तर असंच सांगायचं. आता टाकते.” या बाईंनी व्हीएमसी कधी चालवलेलं नाही. रोज ऐकून ऐकून त्यांना कोणता प्रश्न कुठं विचारायचा ते कळलंय.

पुढचा पेच खिशावरच्या नावाचा होता. ते नाव मोठ्या कंपनीचं, पगाराची स्लिप मात्र ठेकेदाराची. “कंपनीचंच नाव टाका ना,” मुलगा म्हणाला. ताईंनी त्याच्याच मोबाइलवर पीएफचं खातं उघडायला लावलं. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक आस्थापनेचं नाव आणि लागल्या-सुटल्याच्या तारखा दिसतात. “तिथं ठेकेदार आणि इथं कंपनी दिसली, तर खोटे तुम्ही पडाल.” मग दोन्ही लिहिलं : नोकरी ठेकेदाराकडे, कामाचं ठिकाण कंपनी. दोन ठेक्यांच्या मधे सात महिने रिकामे होते. तेही तसेच राहिले. “विचारलं तर गावी शेतात होतो म्हणा. त्यात लाजायचं काय?”

मुलाला डाव्या बाजूला रंगीत पट्टी आणि कौशल्यापुढे चांदण्या असलेला नमुना हवा होता. ताईंनी तो उडवून लावला. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकाने असले तर पुष्कळदा ओळींची सरमिसळ होते. “रंगीत हवा असेल तर लग्नाचा करून देते.”

राहिलं कव्हर लेटर. बहुतेक जण रिकाम्या मेलला फाइल जोडून मोकळे होतात. ताई चार ओळी लिहितात : कुठल्या जागेसाठी अर्ज, काय येतं, का बदलायचंय, कधी रुजू होता येईल. ‘का’वर मुलगा भडाभडा बोलला. पगार कमी, सुपरवायझर टाकून बोलतो, सुट्टी मिळत नाही. ताई हसल्या. “सगळं खरं असेल. पण ते इथं नको.” जाहिरात ‘सेटर-कम-ऑपरेटर’ची होती. त्यांनी लिहिलं, सेटिंगची जबाबदारी पूर्णवेळ घ्यायची इच्छा आहे. हेही खरंच होतं. तेच शब्द रेझ्युमेच्या डोक्यावर चढवले. वाचणाऱ्यानं सहा सेकंद दिले, तरी त्यात ते सुटायचे नाहीत.

सहा सेकंदांचा मला राग येतो, तो वाचणारा घाईत असतो म्हणून नाही. ढीगभर अर्ज असतील तर तो तरी काय करणार? पण हा मुलगा ज्या शॉपमध्ये रोज आठ तास उभा असतो, तिथं अडीच वर्षांत कुणी त्याला विचारलं नाही की बाबा, तू नेमकं काय काय करतोस. ते झेरॉक्सच्या दुकानात विचारलं गेलं, आणि लग्नाच्या बायोडाट्याच्याच दरात.

प्रिंट हातात आली तशी त्यानं ती दोनदा वाचली. मग म्हणाला, “ताई, हा आधी आमच्याच साहेबांना दाखवू का?”

“दाखवा की,” ताई म्हणाल्या. “पण आधी तिकडं मेल जाऊ दे.”